कूलरसमोरचं शेल्फ

मला तिचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझी बाजू घ्यायच्या भानगडीत पडणार नाही. केसांना मेंदी लावायच्या वयात सव्वीस वर्षांच्या पोरीवर जळणं शोभत नाही, हे मलाही कळत होतं. पण कळून काय उपयोग? पित्त उसळतं तेव्हा ते वय विचारून थोडंच उसळतं.

आमची लॅब ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्र विभागाच्या वरच्या मजल्यावर. मी तिथे वीस वर्षं आहे. काम व्हिटॅमिन सीचं. लोकांना वाटतं, व्हिटॅमिन सी म्हणजे लिंबू पिळलं, आवळा चावला, झालं. अहो, इतकं नखरेल द्रव्य दुसरं नसेल. हवा लागली की बिघडलं, ऊन लागलं की बिघडलं. पाण्यात विरघळवून ठेवलं तर चार दिवसांत पिवळं आणि पुढे चहासारखं. मलमात घालावं तर ट्यूब दुकानात पोचेपर्यंत आत नाव तेवढं उरतं. काचेच्या ताटल्यांत पेशी वाढवणारे संशोधक ते पेशींच्या खुराकात घालतात, तिथेही तीच रड. म्हणून त्याच्या रेणूवर ज्या जागी हवेचा घाव बसतो, त्या जागी दुसरं काहीतरी जोडून ठेवायचं, डब्याला झाकण लावावं तसं. शरीरात गेलं की शरीरच ते झाकण काढतं आणि आतलं व्हिटॅमिन ताजं मिळतं. झाकण कुठलं लावायचं आणि ते आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्वस्तात कसं टिकवायचं, यातच माझी वीस वर्षं गेली.

माझं झाकण स्निग्धाम्लाचं, म्हणजे चरबीच्या जातीचं. त्यामुळे माझं द्रव्य तेलासारखं होतं, पिवळसर, जाडसर. असली द्रव्यं जगात इतरांनीही केलेली आहेत, मी काही शोध लावला म्हणत नाही. पण महागडी यंत्रं नसताना, वीज जाते-येते अशा ठिकाणी, साध्या भांड्यांत ते जमवणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. पहिली पाच वर्षं तर नुसता डांबरासारखा गाळ निघायचा.

आणि मग ही आली. पुण्याहून, एका वर्षाच्या प्रोजेक्टवर. तिचं झाकण फॉस्फेटचं. तीन आठवड्यांत तिने पांढरीशुभ्र पावडर काढली. तीन आठवड्यांत! सर तर वेडेच झाले. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. घरी मराठी, कॉलेजात हिंदी, आणि खूश झाले की दोन्ही एकदम. ती बाटली घेऊन ते खिडकीशी गेले, उजेडात धरली आणि म्हणाले, "बघा हो बघा, क्या चीज बनाई है! दुधासारखी आहे." माझी एकही बाटली सरांनी वीस वर्षांत खिडकीशी नेली नव्हती. तेलाची बाटली कोण खिडकीशी नेतं म्हणा. पण अंगाचा तिळपापड झाला तो झालाच.

बरं, लॅबमध्येच असती तर एक वेळ चाललं असतं. तिने खोली घेतली ती शिंदे की छावनीत, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. माझ्या आईने तिला भाजीवाल्यापाशी गाठलं, पुण्याची म्हणून कळल्यावर घरीच घेऊन आली. आमची मराठी ही ग्वाल्हेरची, अर्धी कढी अर्धं वरण. आम्ही 'मी येऊन राहिले' म्हणणारी माणसं. तिचं ते स्वच्छ, सावकाश बोलणं ऐकून आई नुसती विरघळली. "किती गोड बोलते गं पोरगी! कान धुतल्यासारखे वाटतात." माझ्या आमटीला आजवर कधी चांगलं न म्हणालेली माझी आई तिला चक्क आमटीचा मसाला बांधून द्यायला लागली. मी म्हटलं, "दत्तकच घेऊन टाक ना." आई म्हणाली, "कागद कुठे मिळतात ते तू विचारून ये." घ्या! माझ्याच घरात मी उपरी.

तिची एक सवय होती, ती मला सगळ्यात जास्त खुपायची. कुठलंही काम केलं की मला विचारायची, "ताई, हे बरोबर ना?" तराजू लावला, ताई बरोबर ना. द्रावण केलं, ताई बरोबर ना. मी मान हलवल्याशिवाय वहीत लिहायची नाही. मला वाटायचं, हे नाटक आहे. पुण्याची माणसं आणि दुसऱ्याला विचारून करतात? सरांसमोर नम्र दिसायचं, दुसरं काय. मी मान हलवायचे, पण अशी, की मानेला लागेल.

एप्रिलमध्ये सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. इंडस्ट्रियल एरियातला एक छोटा कारखानदार मलमाची चाचणी करायला तयार झाला होता, पण तो एकच द्रव्य घेणार होता. माझं किंवा तिचं. जूनमध्ये निकाल. तिचं गेलं तर तिची नोकरी आणखी दोन वर्षं वाढणार, माझं गेलं तर ती जुलैत पुण्याला परत. सरांनी हे अगदी सहज सांगितलं, जणू दोघींपैकी कुणाचं काही जायचं नव्हतं. ती म्हणाली, "ताईंचंच जावं, सर. त्यांचं वीस वर्षांचं आहे." मला वाटलं, बघा, कशी जिभेवर गुळाचा खडा ठेवून बोलते. माझ्या मनात मात्र एकच होतं, हिने जुलैत सामान बांधावं. हे मी देवापुढेही बोलले होते, उदबत्ती लावून.

टिकाऊपणा तपासायचा तर नळ्या उष्ण दमट कपाटात ठेवतात, चेंबर म्हणतात त्याला. आमच्याकडे एकच, आणि तेही लहान. ते मी आधीच माझ्या नळ्यांनी भरून टाकलं होतं. खरं तर दोन खण रिकामे करता आले असते. मी केले नाहीत. "जुलैत तुझा नंबर," मी म्हटलं. ती म्हणाली, "चालेल ताई, तोवर मी खोलीतल्या हवेत ठेवते." एक संच बुचं घट्ट लावून आणि एक संच उघडा, हवेत द्रव्य कसं वागतं ते पाहायला, असं तिला शिकवलेलं होतं. घट्ट बुचांची रबरं मागवली होती ती आलीच नाहीत, म्हणून उघडाच संच आधी लागला.

आता मे महिन्यात आमच्या वरच्या मजल्याची खोली म्हणजे भट्टी. एसी फक्त यंत्रांच्या खोलीत. आमच्या खोलीला खिडकीत बसवलेला कूलर, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा, टाकीत पाणी भरायचं ते बादलीने. पाणी रोज सकाळी मी भरत असे. आणि तिने आपल्या उघड्या नळ्यांचा स्टँड कुठे ठेवला? बरोब्बर कूलरच्या तोंडासमोरच्या शेल्फवर. का, तर खोलीत तीच जागा गार. पावडर उन्हाने बिघडू नये म्हणून.

हे ग्वाल्हेरच्या कुठल्याच माणसाने केलं नसतं. आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं की कूलरचं वारं म्हणजे गार आणि ओलं. त्याच्यासमोर काडेपेटी ठेवली तर काडी पेटत नाही, मिठाला पाणी सुटतं, वहीची पानं मऊ पडतात. बाहेर ओठ फाटतील इतकी कोरडी हवा आणि कूलरपुढच्या तीन हातांत कोकण. हिच्या घरी कधी कूलर नव्हताच, पंख्यावर भागत होतं. हिला गार म्हणजे चांगलं एवढंच ठाऊक. आणि फॉस्फेटची ती पावडर, पाणी शोषून घ्यायला टपलेली. पाणी शिरलं की झाकण सुटायला लागतं, आणि एकदा झाकण सुटलं की आतल्या व्हिटॅमिनचं जे व्हायचं ते होतं. माझ्या तेलाला त्या वाऱ्याने काही झालं नसतं.

तिने स्टँड ठेवला आणि मागे वळून म्हणाली, "ताई, हे बरोबर ना?"

मी बादली घेऊन उभी होते. एक वाक्य, बस. "अगं वेडे, तिथे नको." एवढं म्हणायला श्वाससुद्धा लागत नाही. मी बादली टाकीत ओतली आणि म्हटलं, "तुझा संच आहे, तू बघ."

तिने ते होकार समजून वहीत लिहिलं. मी कूलर लावला.

पहिल्या दिवशी मला वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल नाही सांगितलं, आज सांगितलं तर काय दिसेल? तिसऱ्या दिवसापासून मी स्वतःला काही सांगायचंच बंद केलं. पाणी रोज भरत होते तेवढंच भरत होते. जास्त भरलं नाही, हे मी स्वतःला मोठ्या अभिमानाने बजावायचे. काय तरी चांगुलपणा!

दुसऱ्या आठवड्यात ती एक नळी हलवत माझ्याकडे आली. "ताई, पावडर काचेला जरा चिकटतेय का हो?"

मी चष्मा लावून पाहिलं. चिकटत होती. खालच्या बाजूला गोळाही व्हायला लागला होता.

"उन्हाळा आहे बाई," मी म्हटलं. "आमच्याकडे सगळंच चिकटतं."

ती हसली आणि नळी परत तिथेच ठेवून आली. त्या दिवशी मात्र घरी जाताना मला स्वतःचा जरा राग आला. पण घरी पोचले तर आई म्हणते, "आज ती नाही आली? तिच्यासाठी कैरीचं पन्हं ठेवलंय." माझा राग बरोब्बर पत्ता बदलून तिच्याकडे गेला.

तीन आठवड्यांनी तिने नळ्या काढल्या. पावडर पिवळी पडली होती, दोन नळ्यांत तर खाली तपकिरी डाग. तिने एक चिमूट पाण्यात घेतली आणि वर आयोडीनचे थेंब टाकायला लागली. ही आमची साधी परीक्षा. झाकण शाबूत असेल तर आयोडीनचा रंग तसाच राहतो. झाकण निघालं असेल तर मोकळं झालेलं व्हिटॅमिन आयोडीनचा रंग खाऊन टाकतं. तिने पहिला थेंब टाकला, रंग गेला. दुसरा टाकला, गेला. पाचवा, सहावा. ती स्टुलावर बसली. नळी स्टँडमध्ये ठेवून म्हणाली, "गेलं हो ताई सगळं."

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. असा आनंद, की तो चेहऱ्यावर येऊ नये म्हणून मला बेसिनपाशी जाऊन कोरडीच बरणी घासावी लागली.

दोन दिवसांनी सरांच्या खोलीत बैठक. बैठक कसली, सर आणि आम्ही दोघी. तिने कागद पुढे ठेवला, सगळं जसंच्या तसं लिहिलेलं, एक शब्द लपवलेला नाही. सरांनी वाचलं आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"नमी तो नहीं लगी कहीं?" ते म्हणाले. "ओलावा? फॉस्फेट आहे, ओलाव्याने असंच होतं."

मला वाटलं, झालं. आता ही म्हणेल, कूलर.

ती म्हणाली, "नाही सर. मीही आधी तोच विचार केला. पण इथली हवा किती कोरडी आहे. आणि शेल्फ ताईंच्या अगदी समोर होतं, रोज त्यांच्या नजरेसमोर. मी ठेवतानाच त्यांना विचारलं होतं. काही चुकत असतं तर ताईंनी सांगितलंच असतं ना?" मग कागदावर बोट ठेवून म्हणाली, "म्हणजे ओलावा नाही. उष्णतेनेच तुटतंय. माझा रेणूच कच्चा आहे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

कळतंय का तुम्हाला काय झालं होतं ते? तिचा रेणू चांगला होता. मला माहीत होतं की चांगला होता, निदान तो कच्चा आहे असं म्हणायला काही आधार नव्हता. आणि तिने तो स्वतःच्या हाताने बाद केला, कारण मी गप्प बसले होते. माझं गप्प बसणं तिने पुरावा म्हणून धरलं होतं. मी तिची पावडर बिघडू दिली इथपर्यंत ठीक, म्हणजे ठीक नाहीच, पण पावडर पुन्हा करता येते. आता ती पुन्हा करणारच नव्हती.

"तो फिर तय रहा," सर म्हणाले, आणि मला म्हणाले, "अभिनंदन. आखिर आपका तेल ही काम आया."

मी थँक यू म्हटलं.

त्या संध्याकाळी मी सराफा बाजारातून आले आणि येताना गरम कचोऱ्या बांधून घेतल्या. आता कुणाला वाटेल, घास घशात अडकला असेल. मुळीच नाही. कचोरी छान लागली, मी दोन खाल्ल्या. तीन दिवस मी मजेत होते. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "पोरगी चाललीये ना गं पुण्याला? रविवारी जेवायला बोलावलंय. आमरस करते." मी म्हटलं, "कर." जाणाऱ्या माणसावर जळायचं काय कारण, असा माझा मोठेपणा.

रविवारी दुपारी ती आली, केसांत मोगरा, हातात आईसाठी पेढ्यांचा पुडा. जरा वाळली होती. लॅबचं काहीच बोलली नाही. आईच्या मागे मागे स्वयंपाकघरात गेली, पोळ्या लाटू लागली, मग तळण बाहेर आणून ठेवू लागली. आमच्या बाहेरच्या खोलीत कूलर लावलेला. जमिनीवर पानं मांडलेली. तिने तळलेल्या पापडांची नि कुरडयांची परात उचलली आणि कूलरपुढच्या स्टुलावर ठेवली.

आई आतूनच ओरडली, "अगं अगं, तिथे नको! कूलरचं वारं ओलं असतं, दहा मिनिटांत चामडं होईल त्याचं. उचल, उचल. एवढं कसं गं माहीत नाही तुला? आमच्या इथे पोरासोरांना माहीत असतं."

तिने परात उचलली. ती हातात धरून तशीच उभी राहिली. कूलरकडे पाहिलं, एक हात सोडून त्याच्या वाऱ्यात धरला, बोटं एकमेकांवर चोळून बघितली. मग माझ्याकडे वळली.

"ताई," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

मी पाटावर बसले होते, हातात रसाची वाटी. खोटं अगदी तयार होतं हो, ओठांवर. 'अगं, लॅबमध्ये माझ्या डोक्यातच आलं नाही.' कुणीही मानलं असतं, तिने तर नक्कीच. आणि तेवढ्यासाठीच मला ते बोलता आलं नाही. ती मानणार आहे हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मानायची तयारी करूनच ती उभी होती.

"हो," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू ठेवलंस तेव्हापासून."

आई पदराला हात पुसत दारात आली होती. तिला नेमकं काही कळलं नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून पुरेसं कळलं.

मला वाटलं, आता ही रडेल. नाहीतर परात आपटेल. मी असते तर आपटली असती, कुरडयांचा चुरा साऱ्या खोलीत झाला असता, वर चार शिव्या दिल्या असत्या, शुद्ध हिंदीत. माझी तयारी होती. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं.

तिने परात खाली ठेवली, पर्समधून पेन काढलं, पेढ्यांच्या पुड्यावरचा कागद फाडून घेतला आणि माझ्यासमोर बसली.

"कूलर रोज किती वाजता लावायचात?"

"दहाला."

"बंद?"

"पाचला. शनिवारी दोनला. रविवारी नाही."

"पाणी भरलेलंच असायचं? की कधी कोरडाच चालला?"

"नाही. रोज मी भरायचे."

तिचं पेन इथे जरा थांबलं. मग तिने तेही लिहिलं. माझं पाप ती मोजमापासारखं उतरवून घेत होती, कारण तिला आता तिचा रेणू परत मिळत होता आणि त्यापुढे मी कोण? त्या क्षणी मला तिचा जसा हेवा वाटला, तसा त्या शुभ्र बाटलीमुळेही वाटला नव्हता. मला आयुष्यात असं कधी जमलं नाही. माझा राग नेहमी कामाच्या आधी पानावर येऊन बसतो.

लिहून झाल्यावर तिने विचारलं, "सरांना मी सांगू की तुम्ही?"

"मी."

ती जेवली. रस मागून घेतला नाही, पण आईने वाढला तो संपवला. आईचं मन मोडायचं नाही म्हणून जेवली, हे मला कळलं. आईनेही ती गेल्यावर मला फक्त एवढंच विचारलं, "काय केलंस गं?" मी सांगितलं. आई म्हणाली, "शाबास," आणि भांडी घासायला लागली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सोमवारी मी सरांच्या खोलीत गेले. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही?" ते म्हणाले. "वीस साल में आपने किसी का एक बीकर नहीं बिगड़ने दिया." मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी कारखानदाराला फोन करून मुदत वाढवून मागितली, तिचं जाणंही तोवर लांबवलं आणि मला म्हणाले, "चेंबर खाली कीजिए." मी माझ्या नळ्या काढल्या, खण पुसले आणि तिच्या नळ्या तिने स्वतः लावल्या. मी बुचं पुढे करत होते, तेवढं तिने घेतलं.

पावसाळा सरेपर्यंत नळ्या चेंबरमध्ये होत्या. घट्ट बुचं, रबरंही तोवर आली होती. त्या काढल्या तेव्हा पावडर जशीच्या तशी पांढरी. आयोडीनचा पहिलाच थेंब पडला आणि रंग तसाच राहिला, हललाच नाही. माझं तेलही टिकलं होतं, तसं काही वाईट नव्हतं. पण तिची पावडर निम्म्या कष्टात होते, कुठल्याही क्रीममध्ये मिसळते. सरांनी तिची पाठवली, आणि बरोबरच केलं. मला वाईट वाटलं. दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. झालं ते झालं म्हणून हेवा काही राजीनामा देत नाही. तो आपला हजर होताच.

तिची नोकरी वाढली. ती अजून इथेच आहे, माझ्यासमोरच्याच टेबलावर. अहवालात तिने माझे आभार मानले आहेत, सभ्य दोन ओळी, बिघडलेल्या संचाचं कारण माझ्यामुळे कळलं म्हणून. कसं कळलं ते लिहिलेलं नाही. आईकडे सणावाराला येते. मला ताईच म्हणते, बोलते, हसते, चहा आणला तर माझाही आणते. तिने ही गोष्ट कधी कुणाला सांगितल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

परवाचीच गोष्ट. पुन्हा मे, पुन्हा तीच भट्टी. ती वहीत काहीतरी लिहीत होती, तिच्या नव्या नळ्या पलीकडच्या बंद कपाटात होत्या. मी तिकडून येत होते, सहज नजर टाकली होती, म्हणून येता येता म्हटलं, "तुझी बुचं सगळी घट्ट आहेत गं. मी आत्ताच पाहिली."

"हो ताई," ती म्हणाली. पेन खाली ठेवलं, उठली, कपाटापाशी गेली आणि एकेक बूच स्वतः दाबून पाहून आली.